तिसरं अपत्य

जालना जिल्ह्यातल्या मंठा किंवा घनसावंगी तालुक्यात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की मतांच्या आधी मुलं मोजली जातात. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं झालंय का? झालं असेल तर सरपंचपद विसरा, साधं सदस्यही होता येत नाही. अर्जासोबत तसं घोषणापत्र द्यावं लागतं. तरीही कुणी निवडून आलाच, तर हरलेला गट शाळेचा दाखला, अंगणवाडीचं रजिस्टर, दवाखान्यातली नोंद शोधत फिरतो आणि प्रकरण जालन्याला जिल्हाधिकाऱ्यांसमोर जातं. भावकीतल्या वैराला सरकारने पुरवलेलं हे हत्यार आहे आणि ते आवडीने वापरलं जातं.

या अटीचं कूळ शोधत मागे गेलं तर सुरुवातीला सरकार दिसतच नाही. १९२१ मध्ये र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. या कामापायी त्यांची विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी गेली. पुढे त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. त्यांच्या लेखी मूल कधी आणि किती हा बाईच्या प्रकृतीचा आणि मर्जीचा प्रश्न होता; देशाच्या लोकसंख्येची चिंता त्यानंतर. पण ही गोष्ट मुंबईची; जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होतं.

सरकार या कामात १९५२ मध्ये उतरलं. पहिली काही वर्षं दवाखाना उघडून माणसांची वाट पाहण्यात गेली. साठच्या दशकात गर्भाशयात बसवायचा लूप आला, लाल त्रिकोण आला, १९६८ मध्ये निरोध आला. पण खरी उलथापालथ केली ती ‘टार्गेट’ने. आकडा वरून ठरला की खाली शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक या सगळ्यांना नसबंदीची ‘केस’ आणावी लागे. माणसाची केस झाली, यात सगळं आलं.

मग आणीबाणी. १९७६-७७ या एका वर्षात देशभरात ८२ लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या. त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश पुरुषांच्या होत्या. महाराष्ट्राने तर एक पाऊल पुढे टाकलं. १९७६ मध्ये, मराठवाड्याचेच शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, तीन मुलांनंतर सक्तीने नसबंदी करणारं विधेयक विधिमंडळाने मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती त्याला कधीच मिळाली नाही आणि ते फायलीतच राहिलं. १९७७ मध्ये जालन्यातून पुंडलिक हरी दानवे काँग्रेसविरोधाच्या लाटेत लोकसभेवर गेले. काँग्रेसच्या त्या पराभवाचं सगळं माप नसबंदीच्या पदरात घालणं बरोबर नाही. पण पुरुषांना हात लावायचा नाही, एवढा धडा दिल्लीने घेतला. १९७७-७८ मध्ये देशातल्या शस्त्रक्रिया साडेनऊ लाखांवर आल्या आणि पुरुषांचा वाटा पाचवा हिस्सा उरला.

तिथून शिबिराच्या खाटेवर बाई आली. टाक्याचं की बिनटाक्याचं, एवढीच काय ती निवड. तीही मुलगा झाल्यावर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या विवाहित जोडप्यांत स्त्री-नसबंदीचं प्रमाण ४९ टक्के आहे, पुरुषांचं अर्धा टक्काही नाही.

१९७६ चं विधेयक मात्र पुरतं मेलं नव्हतं, असं मला वाटतं. सप्टेंबर २००० मध्ये ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १४ मध्ये वर्षभराची मुदत देऊन ही अट आली तेव्हा तिनाचे दोन झाले होते आणि शस्त्रक्रियेच्या जागी अपात्रता आली होती. २००३ मध्ये हरियाणातल्या अशाच तरतुदीवर सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं. २००५ मध्ये लहान कुटुंबाचा नियम राज्याच्या सरकारी नोकरीलाही लागला. राखीव जागांमुळे ज्या बाया नुकत्या पंचायतीत पोचत होत्या, त्यांना ही अट अधिक जाचली. तिसरं मूल हवं की नको, हे ठरवताना त्यांना विचारतं कोण?

आणि जालन्याचं काय झालं? १९९१ ते २००१ या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १८ टक्क्यांनी वाढून १६ लाख १३ हजारांच्या घरात गेली. पुढच्या दशकात, म्हणजे अट लागू असताना, ती साडेएकवीस टक्क्यांनी वाढून १९ लाख ५९ हजार झाली. त्याच काळात राज्याचा वेग मात्र २२.७ वरून १६ टक्क्यांवर उतरला. याचं खापर अटीवर फोडता येत नाही. निवडणुकीला उभं राहतातच किती जण? आधीच्या मोठ्या पिढीतल्या मुली लग्नाच्या झाल्या की प्रत्येकीला दोनच मुलं झाली तरी आकडा फुगतो, आणि लग्न लवकर झालं तर आणखी लवकर फुगतो. २०१९-२१ च्याच आरोग्य पाहणीत जालन्यात विशीतल्या, २० ते २४ वयाच्या, दर शंभर बायांमागे ३५ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. राज्यात २२ जणींचं. मराठवाड्यात मुलीला मागे ठेवून ऊसतोडीला जाता येत नाही, म्हणून तिचं आधी उरकतात. शिवाय कोयता, म्हणजे ऊसतोडीचं काम, जोडीचा असतो; उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, नवरा-बायको दोघांना मिळून दिली जाते.

दरम्यान राज्याचा एकूण जननदर १.७ वर, म्हणजे पिढी भरून निघायला लागतो त्याच्याही खाली आला आहे. आंध्र प्रदेशाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्थानिक निवडणुकांतली दोन अपत्यांची अट काढून टाकली, कारण तिथल्या सरकारला आता म्हाताऱ्यांची संख्या वाढण्याची काळजी लागली आहे.