पद्धत कोणासाठी घडली? स्पॅनिश शिकून परदेशी निघालेल्यांसाठी प्रस्तावना

व्हॅलेन्सियात नोकरी मिळते, मेक्सिकोतल्या ग्वादालाहाराला बदली होते, माद्रिदच्या एखाद्या विद्यापीठात प्रवेश पक्का होतो. हाताशी सात-आठ महिने असतात. व्हिसाची कागदपत्रं जमवता जमवता कोणीतरी विचारतं, ‘स्पॅनिशचं काय केलंस?’ मग मित्राने सुचवलेला क्लास लावला जातो, फोनवर एखादं ॲप येतं आणि हा प्रश्न सुटला असं घरात सगळे धरून चालतात. परकी भाषा मोठ्या माणसाला कशी शिकवावी यावर गेली दीडशे वर्षं गंभीर विचार झाला आहे, प्रयोग झाले आहेत, कडाक्याचे वाद झाले आहेत. निघण्याआधी मराठी वाचकाने या अभ्यासविषयात निदान एक फेरी मारावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. त्यासाठी भाषाशास्त्राची पदवी लागत नाही. एक प्रश्न सोबत ठेवला की पुरे: ही पद्धत मुळात कोणासाठी घडली?

व्याकरण आणि भाषांतर यांवर उभी असलेली पद्धत आपल्या ओळखीची आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी माणसाच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. युरोपात ही पद्धत लॅटिन आणि ग्रीक शिकणाऱ्या मुलांसाठी रुळली. त्या मुलांना कोणी रोमन माणूस रस्त्यात भेटणार नव्हता. त्यांना ग्रंथ वाचायचे होते. वाचनासाठी ती पद्धत आजही उत्तम आहे. घरभाड्याचा करार समोर आला की तिचं मोल कळतं. पण घरमालकाशी फोनवर बोलायची वेळ आली की ती हात वर करते, कारण ते काम तिला कधी सांगितलेलंच नव्हतं.

तिच्याविरुद्धच्या बंडाची गोष्ट मजेदार आहे. मॅक्सिमिलियन बर्लिट्झ यांनी 1878 साली अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात भाषाशाळा काढली आणि फ्रेंच शिकवायला निकोलस जोली नावाचा साहाय्यक नेमला. जोलींना इंग्रजी येत नव्हतं. बर्लिट्झ आजारी पडले, वर्ग जोलींवर सोपवावा लागला आणि ते परतले तेव्हा विद्यार्थी फ्रेंचमध्ये भराभर प्रश्नोत्तरं करत होते, असं सांगितलं जातं. पहिल्या दिवसापासून शिकायची तीच भाषा बोलायची, भाषांतर करायचं नाही, ही ‘प्रत्यक्ष पद्धत’ त्यातून नावारूपाला आली. तिचा विद्यार्थी व्यापारी, प्रवासी, फी भरू शकणारा प्रौढ होता आणि वर्ग लहान असे. तीस जणांच्या वर्गात हीच पद्धत वापरली की एकेकाच्या वाट्याला बोलण्याची दोन मिनिटंही येत नाहीत.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला झटपट बोलणारी माणसं हवी होती. 1943 साली सुरू झालेल्या त्यांच्या विशेष प्रशिक्षणात भाषाशास्त्रज्ञ रचना सांगायचा आणि ती भाषा जन्मापासून बोलणारा माणूस लहान गटाकडून तासन्‌तास सराव करून घ्यायचा. युद्धानंतर या कल्पनेतून ध्वनिफिती, भाषा-प्रयोगशाळा, एकाच साच्यातली वाक्यं घोकणं हे सगळं आलं. यश मिळालं होतं ते निवडक, तरुण, दिवसभर दुसरं काही न करणाऱ्या सैनिकांना. नक्कल मात्र शाळांमधून आठवड्याला तीन तासांवर झाली.

स्थलांतर करणाऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून नेटका विचार केला तो युरोपच्या परिषदेने. एका देशातून दुसऱ्या देशात कामाला जाणाऱ्या प्रौढाला तिथे नेमकं काय करावं लागतं, असा प्रश्न तिथल्या तज्ज्ञांनी विचारला: वेळ ठरवणं, पत्ता विचारणं, तक्रार करणं, नकार देणं, दुखणं सांगणं. त्यातून 1975 साली इंग्रजीसाठी ‘उंबरठा पातळी’ आखली गेली आणि 1979 साली स्पॅनिशसाठी. आज सर्वत्र ऐकू येणाऱ्या ए-1 ते सी-2 या सहा पायऱ्या 2001 साली त्याच कामातून पुढे आल्या. या परंपरेबद्दल मला विशेष आस्था आहे. व्याकरणाच्या धड्यांची यादी बाजूला ठेवून तिने माणसाच्या दिवसाची यादी केली. नव्या गावी पोचल्यावर स्पेनमध्ये नगरपालिकेत जाऊन रहिवासी म्हणून नाव नोंदवावं लागतं. त्या खिडकीपाशी काय विचारलं जाईल आणि आपण काय म्हणायचं, इथून सुरू होणारा धडा मला ‘हे पुस्तक आहे’पासून सुरू होणाऱ्या धड्यापेक्षा केव्हाही जवळचा वाटतो.

किती वेळ लागेल, हे सगळेच विचारतात. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षणसंस्था स्पॅनिशला सर्वांत सोप्या गटात ठेवते आणि सुमारे 600 ते 750 वर्गतास सांगते. हा आकडा जाहिरातींत फार फिरतो. तो इंग्रजी मातृभाषा असलेल्या, पूर्ण पगारावर शिकणाऱ्या राजनैतिक अधिकाऱ्यांचा आहे, शिवाय घरचा अभ्यास वेगळा. गाठायची पातळी मात्र उंच, कार्यालयीन कामकाज स्पॅनिशमध्ये करण्याची आहे. नोकरी सांभाळून रोज दीड तास देणाऱ्याने आठ महिन्यांत ए-2 पक्की करून बी-1च्या दारात उभं राहायचं ठरवावं. हे माझं मत आहे. ते थोडं काटकसरीचं असलं तरी टिकणारं आहे.

1980च्या दशकातला एक वाद इथे उपयोगी पडतो. स्टीफन क्रॅशन यांचं म्हणणं असं की भाषा मुख्यतः समजेल अशा, किंचित वरच्या पातळीच्या ऐकण्या-वाचण्यातून अंगी मुरते. भरपूर सोपं स्पॅनिश ऐकवणाऱ्या आजच्या चित्रफितींमागे हाच विचार आहे. कॅनडात शाळेचे विषयच फ्रेंचमधून शिकणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांकडे मेरिल स्वेन यांनी पाहिलं. वर्षानुवर्षं ऐकून त्यांना समज उत्तम आली होती, बोलण्यातल्या व्याकरणाच्या चुका मात्र राहिल्या होत्या. 1985 साली त्यांनी मांडलं की बोलायला भाग पडल्याशिवाय आपल्याला काय येत नाही ते कळत नाही. मला दोघांचंही पटतं, फक्त क्रम महत्त्वाचा. सुरुवातीला कान भरू द्यावेत. निघण्याआधीचे तीन महिने मात्र समोरच्याने थांबवून दुरुस्त करावं, अशी बोलण्याची सक्ती हवी.

आता आपल्याकडे येऊ. बाजारात मिळणारी बहुतेक स्पॅनिश पुस्तकं इंग्रजी बोलणाऱ्यासाठी लिहिलेली आहेत. ती आपल्याला दोन प्रकारे अडवतात: आपली नसलेली अडचण गळ्यात मारतात आणि आपली खरी अडचण सांगतच नाहीत. ‘मला आंबे आवडतात’ हे स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्तान लोस मांगोस’. ‘मला’ तसंच, आणि क्रियापद आंब्यांप्रमाणे अनेकवचनी, अगदी मराठीसारखं. इंग्रजी पुस्तक इथे दोन पानं समजूत घालत बसतं. ‘लहानपणी आम्ही आंबे खायचो’ आणि ‘काल आम्ही आंबे खाल्ले’ यांतला फरक स्पॅनिश ‘कोमिआमोस’ आणि ‘कोमिमोस’ असा दाखवते. दोन भूतकाळांचा हा भाग इंग्रजीभाषकाला वर्षानुवर्षं छळतो. मराठी माणसाला निदान सुरुवातीला ‘खायचो’चा आधार आहे. ‘घर पाहिलं’ पण ‘आनाला पाहिलं’ हा भेदही स्पॅनिशमध्ये आहे: माणूस असला की कर्माआधी ‘आ’ लागतो. विशेषणाचं लिंगानुसार बदलणं आपल्याला नवं नाही. त आणि द दातांना जीभ लावून म्हणायचे, प आणि क हवा न सोडता, हे तर आपण बोलतोच.

आपली अडचण आघाताची आहे. ‘आब्लो’ या शब्दात जोर पहिल्या अक्षरावर पडला तर अर्थ ‘मी बोलतो’, शेवटच्यावर पडला तर ‘तो बोलला’. मराठीत अशा जोराने अर्थ बदलत नाही, म्हणून आपला कान तो टिपत नाही. इंग्रजी माणसाला हा कान जन्मतः असतो, त्यामुळे त्याच्या पुस्तकात याचे सराव फारसे नसतात. शब्द देवनागरीत लिहून पाठ करणाऱ्याने हे विशेष जपावं, कारण आपल्या लिपीत जोर दाखवायची सोयच नाही. मराठी विद्यार्थ्याने स्पॅनिशच्या पहिल्या महिन्यात आघाताचा सराव सोडून बाकी काहीही मागे ठेवलं तरी चालेल, इतकं मला हे महत्त्वाचं वाटतं.

ॲपविषयी थोडक्यात. ठरावीक अंतराने उजळणी केली की स्मरण टिकतं, हे एबिंगहाउस यांच्या 1885च्या ग्रंथापासून ज्ञात आहे. पॉल पिम्सलर यांनी 1967 साली या उजळणीचं वेळापत्रकच मांडलं: पाच सेकंद, पंचवीस सेकंद, दोन मिनिटं, असं वाढत दोन वर्षांपर्यंत. फोन हे काम आपल्यापेक्षा इमानदारीने करतो. शब्दसंग्रह त्याच्याकडे द्यावा आणि संभाषण माणसाकडे ठेवावं.

कुठे जायचं, यावरही पद्धत ठरते. स्पेनमध्ये मित्रमंडळींना उद्देशून ‘वोसोत्रोस’ आणि त्याची वेगळी क्रियापदं वापरतात. मेक्सिकोला निघालेल्याने त्यावर आठवडे घालवू नयेत. ब्वेनोस आइरेसमध्ये ‘तू’च्या जागी ‘वोस’ येतं. अंदालुसियात शब्दाच्या शेवटचा ‘स’ विरून जातो. आदराचं ‘उस्तेद’ मेक्सिकोत वडीलधाऱ्यांशी शोभतं, तर स्पेनमध्ये अनोळखी माणूसही पटकन ‘तू’वर येतो आणि आपल्याला उगाच संकोच वाटतो. शिक्षक निवडताना तो कुठलं स्पॅनिश बोलतो हे जरूर विचारावं. बार्सिलोनाला मुलांसह जाणाऱ्यांनी तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी: तिथल्या सरकारी शाळांत शिकवण्याची मुख्य भाषा कातालान आहे.

परीक्षेचा प्रश्न सोपा आहे. सेर्व्हान्तेस संस्था, जिचं केंद्र दिल्लीतही आहे, ‘देले’ प्रमाणपत्राची परीक्षा घेते आणि स्पेनच्या नागरिकत्वासाठी सर्वसाधारणपणे त्याची ए-2 पातळी लागते. ज्याला प्रमाणपत्र मागितलं जाणार आहे त्याने त्या परीक्षेची तयारी करावी. बाकीच्यांनी परीक्षेचा अभ्यासक्रम हाच आपला अभ्यासक्रम मानू नये.

सगळ्यात जास्त काळजी मला वाटते ती सोबत जाणाऱ्या जोडीदाराची, म्हणजे आपल्याकडे अजूनही बहुधा पत्नीची. नोकरी ज्याची, क्लास त्याचा, असं घरोघरी होतं, कंपनी फी भरते तीही त्याचीच. प्रत्यक्षात अशा अनेक नोकऱ्यांमध्ये कार्यालयीन काम इंग्रजीत भागतं. मुलाच्या शाळेतली चिठ्ठी, आरोग्यकेंद्रातली वेळ, नळ दुरुस्त करणारा, शेजारीण, बाजार हे सगळं स्पॅनिशमध्ये असतं आणि ते जिच्या वाट्याला येतं तिच्या हाती निघताना शंभर शब्दही नसतात. उंबरठा पातळीची ती यादी खरं तर तिच्यासाठी आहे. म्हणून दोघांनी एकच वर्ग, एकच पुस्तक घेण्याचं कारण नाही. पैसे एकाच शिकवणीपुरते असतील तर ती शिकवणी तिची असावी. तिने संभाषणाचा शिक्षक घ्यावा, पहिल्या आठवड्यापासून त्याच्याशी दवाखाना आणि शाळा यांचे प्रसंग बोलावेत. नोकरीवाल्याने पुस्तक आणि ध्वनिफिती घेऊन स्वतःच्या स्वतः सुरुवात केली तरी त्याचं अडणार नाही.