एंडोमेट्रिओसिस आणि अंडाशयाचा कॅन्सर : जनुकांमधला दुवा

गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर, म्हणजे अंडाशयावर किंवा आतड्याजवळ वाढू लागल्या की त्या आजाराला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार मूल होण्याच्या वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना तो असतो. अंडाशयात जुनं रक्त साचून झालेली गाठ म्हणजे ‘चॉकलेट सिस्ट’. पाळीत दुखतंच, शादीनंतर थांबेल, असं आपल्या घरांत सांगतात. त्यामुळे वर्षानुवर्षं निदानच होत नाही.

या आजारातून कॅन्सर उद्भवू शकतो, हे अमेरिकेतले डॉ. जॉन सॅम्पसन यांनी १९२५ मध्येच मांडलं होतं. पेशीत नेमकं काय बिघडतं, याचा मोठा धागा मात्र २०१० मध्ये हाती लागला. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या संशोधकांना ‘क्लिअर सेल’ प्रकारच्या अंडाशय-कॅन्सरच्या ११९ पैकी ५५ गाठींत एआरआयडी१ए या जनुकात बिघाड आढळला. ‘एंडोमेट्रिऑइड’ प्रकारात ३३ पैकी १० गाठींत तो होता. सर्वांत जास्त आढळणाऱ्या ‘हाय-ग्रेड सिरस’ प्रकाराच्या ७६ गाठींत मात्र एकातही नाही. दोन रुग्णांमध्ये तर कॅन्सरला लागून असलेल्या एंडोमेट्रिओसिसच्या पेशींतही हुबेहूब तोच बदल सापडला. दूरच्या एंडोमेट्रिओसिसमध्ये तो नव्हता.

हे जनुक वर्गातल्या मॉनिटरसारखं आहे. पेशीतला गुंडाळलेला डीएनए कुठे उघडायचा, कुठे मिटायचा, यावर त्याचं प्रथिन लक्ष ठेवतं. मॉनिटर गैरहजर राहिला म्हणून लगेच दंगा होतोच असं नाही. २०१७ मध्ये, कॅन्सर नसलेल्या पण खोलवर एंडोमेट्रिओसिस असलेल्या २४ स्त्रिया तपासल्या, तेव्हा १९ जणींच्या पेशींत जनुकीय बदल निघाले. त्यांतल्या पाच जणींत एआरआयडी१ए, पीआयके३सीए, केआरएएस अशा, कॅन्सरशी थेट संबंध असलेल्या जनुकांत. म्हणजे नुसता बदल म्हणजे कॅन्सर नव्हे.

आणखी एक गोष्ट, जी रिश्ते ठरवताना उगाच कुजबुजली जाते. हे बदल त्या जागच्या पेशींत आयुष्यात नंतर घडतात. आईकडून मुलीकडे जात नाहीत. पिढीजात येणारे बीआरसीए जनुकातले बदल वेगळे. घरात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर असेल तर त्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावं. एंडोमेट्रिओसिस स्वतः मात्र काही घराण्यांत जास्त दिसतो.

धोका किती? २०१२ च्या एका मोठ्या एकत्रित अभ्यासात एंडोमेट्रिओसिस असलेल्यांत क्लिअर सेल कॅन्सरचं प्रमाण सुमारे तिप्पट, तर एंडोमेट्रिऑइडचं दुप्पट दिसलं. ‘तिप्पट’ ऐकून अम्मी घाबरतील. पण मुळात हा कॅन्सर कमी. पाश्चात्त्य देशांत शंभरातल्या एक-सव्वा स्त्रीला आयुष्यात कधीतरी अंडाशयाचा कॅन्सर होतो. एंडोमेट्रिओसिस असेल तर हा आकडा दोनच्या आतच राहतो.

सीए-१२५ ही रक्ततपासणी एंडोमेट्रिओसिसमध्येही वाढलेली येते, त्यामुळे एकट्या त्या रिपोर्टवर रडू नये. जुनी चॉकलेट सिस्ट एकदम वाढली, सोनोग्राफीत तिच्यात घट्ट भाग दिसला, किंवा पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे त्याच आठवड्यात जावं.