चिखलाचे टायर, बर्फाचे टायर

आजची गोष्ट गाडीच्या टायरची आहे. राजे-महाराजे नाहीत, तह नाहीत, एक महायुद्ध मात्र वाटेत लागेल. ज्यांच्या दारात एसयूव्ही उभी आहे आणि ज्यांना एकदा तरी हिवाळ्यात लाहौलला किंवा लडाखला जायचं आहे, त्यांनी ही गोष्ट शेवटपर्यंत ऐकावी. हा इतिहास मला माहीत नव्हता, म्हणून मी एकदा बायको-मुलासकट दरीच्या दिशेने घसरलो आहे.

आम्ही इंदूरचे. रोहतांगखालचा अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला, त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात आम्ही निघालो. निघण्याआधी मी गाडीला नवे टायर घातले होते. जाड गोट्यांची नक्षी, दोन बोटं जातील एवढ्या खाचा. गाडी फोर बाय फोर. मनात म्हटलं, आता बर्फाची काय बिशाद!

सकाळी नऊच्या सुमाराला बोगद्यातून पलीकडे निघालो. सिस्सूकडे जाताना एका वळणावर डोंगराची सावली होती. आदल्या दिवशी वितळलेलं पाणी रात्री डांबरावर गोठलं होतं. रस्ता नुसता ओला दिसत होता. ब्रेक दाबला आणि गाडी थांबायच्या ऐवजी सावकाश, अगदी सावकाश तिरकी झाली आणि कडेला सरकू लागली. स्टिअरिंग फिरवून काही होत नव्हतं. यंत्राने रस्ता साफ करताना कडेला बर्फाचा ढीग लावला होता, त्यात गाडीचं नाक रुतलं, म्हणून आम्ही वाचलो.

मागून एक स्थानिक टॅक्सीवाला आला. त्याची गाडी लहान, जुनी, पण चाकांना साखळ्या बांधलेल्या. त्याने आमच्या टायरवर हात फिरवला आणि एवढंच म्हणाला, "भाई साहब, ये कीचड़ का टायर है." ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. चिखलाचा टायर म्हणजे काय, आणि बर्फाचा वेगळा का, हे परत आल्यावर मी शोधायला लागलो.

आपल्या भाषेकडे बघा. चिखल, गाळ, राड, रेंदा, लगदा. चिखलाच्या किती जाती आपल्याला माहीत आहेत! आकाशातून पडणारं भुसभुशीत हिम आणि फ्रीजमधला टणक खडा, या दोघांना मात्र आपण रोजच्या बोलण्यात एकच शब्द वापरतो: बर्फ. माझी चूक तिथेच झाली. चिखलात जे चालतं ते बर्फातही चालेल असं मी गृहीत धरलं.

आपल्या बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव असायची. लोहार ती तापवून चाकावर चढवायचा आणि पाणी ओतून आवळून बसवायचा. हवेचा टायर प्रत्यक्ष वापरात आला तो १८८८ मध्ये. बेलफास्टमध्ये राहणाऱ्या जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तिचाकी सायकलसाठी तो बनवला. मुलाला हादरे बसू नयेत, एवढाच हेतू. पुढे ही हवा शेतात पोचली. १९३२ मध्ये अमेरिकेत ॲलिस-चामर्स कंपनीने ट्रॅक्टरला लोखंडी चाकांऐवजी फायरस्टोनचे रबरी टायर लावले. मऊ मातीत पकड हवी, म्हणून त्यावर जाड, उंच पट्ट्या दिल्या.

मग दुसरं महायुद्ध आलं आणि त्याबरोबर जीप. विलीज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. त्यांच्या टायरवर आडव्या, जाड पट्ट्या होत्या. पुढे जाताना जेवढी पकड, तेवढीच मागे येताना, कारण रुतलेली गाडी बऱ्याचदा मागे घेऊनच काढावी लागते. युद्ध संपल्यावर महिंद्रांनी मुंबईत, माझगावला, जीपची जुळणी सुरू केली. पोलीस, वनखातं, पाटबंधारे, साखर कारखाने, सगळीकडे जीप दिसू लागली. 'कुठेही जाणारी गाडी' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जे जाड गोट्यांचं चाक येतं, ते इथून आलं आहे. आजचे ऑफ-रोड टायर हे त्याचेच वंशज.

आता दुसरं घराणं. ट्रॅक्टरला रबर लागलं त्यानंतर दोनच वर्षांनी, १९३४ मध्ये, फिनलंडमधल्या एका रबर कारखान्याने ट्रकसाठी खास हिवाळी टायर काढला. हाच कारखाना आज नोकियान म्हणून ओळखला जातो. तिथला प्रश्न शेताचा नव्हता. महिनोन् महिने हिमाखाली असलेल्या रस्त्यांवरून माल पोचवायचा होता. १९३६ मध्ये मोटारींसाठीचा टायर आला, त्याचं नाव हाक्कापेलिट्टा. सतराव्या शतकातल्या फिनिश घोडेस्वारांचं हे नाव. ते आजही चालू आहे.

म्हणजे दोन घराणी, दोन वेगळे शत्रू. चिखलाच्या टायरला खोल जाऊन खालची घट्ट जमीन धरायची असते. त्याच्या खाचा रुंद असतात, कारण चाक फिरताना चिखल बाहेर फेकला गेला पाहिजे. भरून बसला तर चाक गुळगुळीत झालंच. शिवाय दगडांनी फाटू नये म्हणून त्याचं रबर आणि कडा दणकट असतात.

हिवाळी टायरचं काम जवळजवळ उलटं आहे. त्याला हिम फेकून द्यायचं नसतं, खाचांत धरून ठेवायचं असतं, कारण हिम हिमाला चांगलं धरतं. लहानपणी नाही, पण सिमल्याला गेल्यावर तरी बर्फाचा गोळा केला असेल ना तुम्ही? तोच न्याय. आणि टणक बर्फावर तर खोल जायला जागाच नसते. तिथे रबर मऊ हवं, जास्तीत जास्त टेकलेलं हवं, आणि त्याला खूप बारीक चिरा हव्यात. प्रत्येक चिरेची कड बर्फावर किंचित खरवडते. अशा चिरांचं पेटंट जॉन सायप या अमेरिकन माणसाने १९२३ मध्ये घेतलं, म्हणून जगभर त्यांना 'सायप' म्हणतात. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली नेहमीचं रबर कडक होत जातं, हिवाळी टायरचं लवचिक राहतं. माझ्या टायरचे ते रुबाबदार गोटे त्या सकाळी लाकडाच्या ठोकळ्यांसारखे झाले होते. त्यात टेकणारं रबर कमी आणि चिरा मोजक्याच.

फोर बाय फोरचं काय? ती चारही चाकांना ताकद देते, म्हणून गाडी निघते झकास. थांबताना मात्र प्रत्येक गाडी चार चाकांवरच थांबते, साधी असो की फोर बाय फोर. तिथे टायरच काय तो तारणार.

बर्फासाठी टायरमध्ये लोखंडी खिळेही बसवले गेले. जपानमध्ये त्यांनी रस्ते इतके उखडले की सेंदाईसारख्या शहरांत हिवाळ्यात डांबराची धूळ उडू लागली आणि लोक संतापले. १९८८ मध्ये ब्रिजस्टोनने खिळ्यांशिवाय बर्फ धरणारा, सूक्ष्म छिद्रांच्या रबराचा टायर आणला आणि १९९० मध्ये जपानने खिळ्यांच्या टायरविरुद्ध कायदाच केला.

आता कामाची गोष्ट. टायरच्या कडेवर 'एम प्लस एस' अशी अक्षरं असतात. अर्थ, चिखल आणि हिम. माझ्याही टायरवर होती! पण ही अक्षरं नक्षीतल्या मोकळ्या खाचांच्या प्रमाणावर मिळतात, हिमावर परीक्षा घेऊन नाही. म्हणून १९९९ मध्ये अमेरिका-कॅनडाच्या टायर उत्पादकांनी वेगळं चिन्ह आणलं: तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण. ते मिळवायला दाबलेल्या हिमावर ठरावीक नमुना टायरपेक्षा किमान १० टक्के जास्त पकड दाखवावी लागते. जर्मनीत ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी रस्त्यावर नुसतं 'एम प्लस एस' चालत नाही, हे डोंगराचं चिन्ह लागतं. पण लक्षात ठेवा, ही परीक्षा हिमाची आहे. काचेसारख्या बर्फाची नाही.

मग घ्यायचं काय? गेल्या वर्षी हा प्रश्न मला मुलानेच विचारला. त्या दिवशी मागच्या सीटवर गप्प बसलेला मुलगा आता इंजिनियर झाला आहे, आणि त्याला लेहजवळच्या रस्त्याच्या कामावर नेमणूक मिळाली आहे. त्याने जुनी एसयूव्ही घेतली आणि फोन केला, "बाबा, कुठले टायर घालू?"

मी म्हटलं, तू हिवाळाभर तिथे राहणार, तुझा रस्ता बर्फाचा. तू हिवाळी टायर घाल, आणि चारही घाल. नुसते पुढे घातलेस तर मागचा भाग पुढे यायला बघेल. आपल्याकडे ते दुकानात सहज दिसत नाहीत, शोधून मागवावे लागतात. ते येईपर्यंत साखळ्यांशिवाय निघू नकोस, आणि आल्यावरही त्या गाडीतच राहू देत. उन्हाळ्यात नाले आणि खडी लागली की ते काढून ऑफ-रोडचे चढव. मऊ रबर गरम डांबरावर भराभर झिजतं आणि थांबायलाही जास्त अंतर घेतं.

माझ्यासाठी मात्र उत्तर वेगळं आहे. मी आठ दिवसांसाठी जाणार, आणि इंदूर ते मनाली उघडं डांबर तुडवत जाणार. म्हणून मी डोंगराचं चिन्ह असलेले ऑल-टेरेन घेतले, साखळ्या घेतल्या, आणि त्या अंगणात दोनदा लावून-काढून पाहिल्या. नागपूर, बडोदा, हैदराबादहून जाणाऱ्यांनाही माझा हाच सल्ला. आणि सावलीतलं वळण दिसलं की वळणाच्या आधीच वेग कमी करा, वळणात नाही.

डिसेंबरात मुलाने फोटो पाठवला. गाडीचा नाही, नुसत्या टायरच्या कडेचा. त्यावर तीन शिखरं होती. त्या रात्री त्याच्या आईला नीट झोप लागली.

पुढच्या भागात भेटू. तोवर एक काम करा, खाली जाऊन आपल्या टायरच्या कडेवर काय लिहिलंय ते वाचून या.