गोदी ते इको-वस्ती: माल्मोच्या टाइमलाइनमधली गाळलेली वर्षं

शहरांच्या पुनर्विकासावर केस स्टडी करताना आपण बहुतेकदा दोनच तारखा पकडतो: जुनं कधी बंद पडलं आणि नवं कधी उभं राहिलं. मधली वर्षं 'संक्रमणकाळ' म्हणून एका ओळीत गुंडाळतो. त्यात काय निसटतं, ते स्वीडनमधल्या माल्मोच्या उदाहरणावरून बघूया.

माल्मोच्या पश्चिम बंदरात कोकुम्स कंपनीची जहाजबांधणीची गोदी होती. तिथली बरीचशी जमीन समुद्रात भराव घालून मिळवलेली. 1970 च्या दशकात तिथे सुमारे 140 मीटर उंच, 1500 टन वजन उचलणारी क्रेन उभी राहिली. त्याच सुमारास तेलसंकट आलं, टँकरची मागणी कोसळली आणि आशियातल्या गोद्यांशी स्पर्धा झेपेना. 1986 मध्ये व्यापारी जहाजं बांधणं थांबवायचं ठरलं. पाणबुड्यांचं काम तेवढं राहिलं.

नेहमीची गोष्ट इथून थेट 2001 वर उडी मारते. त्या वर्षी तिथे 'बो 01' हे गृहप्रदर्शन भरलं आणि त्यातून पर्यावरणपूरक वस्ती उभी राहिली. 2005 मध्ये 190 मीटरचा 'टर्निंग टोर्सो' मनोरा पूर्ण झाला.

आता मधलं बघा. गोदीच्या जागी आधी सरकारी मदतीने साब कंपनीचा मोटार कारखाना आला. 1989 ला सुरू, 1991 ला बंद! म्हणजे कारखान्याच्या बदल्यात कारखाना, हा उपाय करून झाला होता आणि तो फसला होता. विद्यापीठ (1998), डेन्मार्कला जोडणारा ओरेसुंद पूल (2000) आणि नवी वस्ती हे सगळं त्यानंतरचं. क्रेन शेवटी कोरियातल्या ह्युंदाईने एका डॉलरला घेतली आणि 2002 मध्ये ती उल्सानला गेली.

'यश' हा शब्दही तपासूनच वापरायचा. 'बो 01' च्या घरांसाठी वर्षाला प्रति चौरस मीटर 105 युनिट ऊर्जेची मर्यादा ठरली होती. प्रत्यक्ष मोजमाप झालं तेव्हा अनेक इमारती त्याच्या वर गेल्या. मोठमोठ्या काचा हे त्याचं एक कारण. माहितीपत्रकात उद्दिष्टाचा आकडा असतो, मोजलेला आकडा वेगळा शोधावा लागतो.

म्हणून टाइमलाइन काढताना फसलेल्या प्रयत्नांसाठी वेगळा रकाना ठेवा. तो रिकामा राहिला, तर शहर गोदीवरून थेट इको-वस्तीवर कसं पोचलं, याचं उत्तर तुमच्या प्रबंधात सापडणार नाही.