हिरवा ठिपका

पाऊस पडत नाही, पण हवाच ओली आहे. तुम्ही तीन भिंतींच्या एका खोपीत बसला आहात. चौथी बाजू उघडी आहे आणि तिथून येणारा गारठा थेट गुडघ्यांत शिरतो. साल 1900, महिना ऑक्टोबर. उत्तर वेल्समधलं बेथेस्डा गाव खाली राहिलंय आणि समोर आहे पेन्रिनची खाण. अख्खा डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कापलाय, एकेक पायरी चार-पाच मजली घराएवढी उंच. त्यातल्या एका कड्यावर माणूस लटकतोय. साखळीचा वेढा मांडीला, पाय दगडाला, दोन्ही हात कामाला मोकळे. इतक्या लांबूनही तुमच्या पोटात गोळा येतो.

खोपीतला म्हातारा तिकडे बघतही नाही. तो वेल्श बोलतो, तुम्हाला त्यातलं अक्षर कळत नाही. पण काम डोळ्यांना कळतं. त्याने एक ठोकळा मांडीला तिरपा टेकवलाय. ठोकळा ओला आहे आणि ओलाच हवा. डोंगरातून आणलेली ओल उडाली, की हा दगड ऐकेनासा होतो. म्हातारा रुंद, पातळ छिन्नी कडेच्या बरोबर मध्यावर ठेवतो. लाकडी मोगरीचे दोन हलके ठोके. मग छिन्नी जराशी पिळतो आणि ठोकळ्याच्या अंगातून बारीक रेघ धावत जाते. कागदाचा गठ्ठा उलगडावा तसे दोन भाग अलग होतात. प्रत्येकाचे पुन्हा दोन, त्यांचे पुन्हा दोन. शेवटी हातात येते ती जेमतेम पाच मिलिमीटर जाडीची पाटी. जोर कुठेच लावलेला नाही.

तो छिन्नी तुमच्या हातात देतो. तुम्हाला वाटतं, वरून एक पातळ पापुद्रा काढावा. ठोका देता, चीर निघते, वितभर नीट जाते आणि मग पातळ बाजूकडे वळून बाहेर पडते. तुकडा मोडतो. म्हातारा दात नसलेलं हसतो. मध्यावरच का, ते आता तुम्हाला कळलं. दोन्ही बाजू सारख्या वाकल्या तरच चीर सरळ जाते. तुमचा तुकडा बाहेरच्या ढिगात जातो. तो ढीग नाहीच म्हणा, दुसरा डोंगर आहे. एक टन चांगल्या पाट्यांमागे दहा टन किंवा त्याहून जास्त दगड इथे फेकला जातो.

कडा तासून झाल्या की म्हातारा पाटीवर बोटाचं पेर वाजवतो. खणखणीत आवाज आला तर घ्यायची, बद्द वाजली तर आत तडा आहे. बाजारात मडकं घेताना आपल्या बायका करतात तेच. मग मापं. चोवीस इंच बाय बारा ती 'डचेस', वीस बाय दहा ती 'काउंटेस', सोळा बाय आठ ती 'लेडी'. उमरावांच्या घरातल्या सगळ्या बाया इथे दगडाच्या झाल्यात. इथला हजार बाराशेंचा असतो, आणि वाटेत फुटतील म्हणून वर साठ.

पुढची पाटी जांभळी आहे आणि तिच्यावर एक हिरवा ठिपका. समोरून पाहिला तर लांबट अंड्यासारखा. कडेने पाहिला तर मसुराच्या डाळीसारखा चपटा. त्यावर अंगठा ठेवा.

आता अंगठ्याखाली चिखल आहे. पन्नास कोटी वर्षांपूर्वीचा समुद्र, दक्षिण गोलार्धातला. बारीक गाळ खाली बसतोय, थरावर थर. त्यातल्या लोखंडाने त्याला जांभळट रंग दिलाय. जिथे तो रंग उतरला तिथे हिरवा ठिपका पडला, चेंडूसारखा गोल. तुम्हाला वाटेल की पुढे पाट्या सुटणार त्या ह्याच थरांतून, वहीची पानं सुटावीत तशा. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. चूक आहे ते.

आणखी दहा कोटी वर्षं पुढे चला. समुद्र मिटत आलाय, दोन भूखंड एकमेकांवर चालून येताहेत. थर घड्या पडून उभे-आडवे झालेत. चिखलातल्या मातीची अभ्रकासारखी चपटी खनिजं होताहेत, आणि विखुरलेले पत्ते दोन तळहातांत दाबावेत तशी ती दाबाकडे पाठ करून एका दिशेने लागताहेत. म्हाताऱ्याची छिन्नी शोधते ती ही दिशा. चिखल कसा साचला होता ते पाटीला आता आठवत नाही, तो कुठून दाबला गेला एवढंच आठवतं. भूशास्त्रात याला पाटन म्हणतात. थर वेगळे आणि पाटन वेगळं, हे ॲडम सेजविकने 1835 मध्ये मांडलं. कारण दाबातच आहे हे हेन्री सॉर्बीने 1853 मध्ये दाखवलं, दगडाचे पारदर्शक होईपर्यंत घासलेले काप सूक्ष्मदर्शकाखाली धरून. चपटे झालेले ठिपकेही त्याच्या बाजूने साक्षीला होते. सह्याद्रीत असा दगड शोधू नका. आपला काळा पाषाण लाव्हा थिजून झालेला. त्याला असं कुणी दाबलंच नाही.

अंगठा काढा. पाटी एव्हाना मँचेस्टरच्या एका चाळवजा घराच्या छपरावर पोचलीय आणि तुम्ही शिडीवर आहात. मंगलोरी कौलासारखी खाच इथे नाही, खाचेत खाच बसत नाही. सगळा भरवसा चढवण्यावर. तिसरी ओळ पहिलीच्या डोक्यावरही थोडी चढते, म्हणून छपरावर कुठेही बोट ठेवा, खाली किमान दोन पाट्या असतातच. पाणी आत जायला वाट नाही आणि दगड स्वतः पाणी पीत नाही. कारागीर तांब्याचे खिळे मागतो, मालक लोखंडाचे देतो. शंभर वर्षांनी छप्पर गळेल तेव्हा पाट्या धडधाकट असतील, खिळे गंजून गेलेले असतील.

पुन्हा बेथेस्डा. खाण लॉर्ड पेन्रिनची. घराण्याच्या रिचर्ड पेनंटने ती अठराव्या शतकाच्या अखेरीस वाढवली, जमेकातल्या गुलामांच्या उसावर आलेल्या पैशांतून. कड्याचा एकेक पट्टा एकेका टोळीला महिन्याच्या बोलीवर मिळतो, त्याला 'बार्गेन' म्हणतात. दगड चांगला निघेल की खराब, यावर भाव ठरतो आणि तो ठरवणारा मालकाचा माणूस. खोकला कशाचा, असं विचारलं तर डॉक्टर सांगतात, उकळून कडू केलेला चहा पिता म्हणून. धुळीने फुप्फुसं गेलेल्या या खाणकामगारांना भरपाई देणारा कायदा यायला 1979 उजाडणार आहे.

22 नोव्हेंबर 1900 ला सुमारे 2,800 माणसं संप पुकारून, अवजारं घेऊन खाणीतून बाहेर पडतात. म्हाताराही, छिन्नी कोटात घालून.

तुम्ही परत येता ते पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात. जूनमध्ये खाण उघडली, काही शे माणसं कामावर गेली आणि मालकाने प्रत्येकाच्या हातावर सोन्याचं एक नाणं ठेवलं. आता गल्लीतल्या खिडक्यांत छापील पाट्या लागल्यात, कागदाच्या. वेल्शमध्ये लिहिलंय : या घरात फितूर नाही. दुकानदार काही गिऱ्हाइकांना माल देत नाही. प्रार्थनाघरातली बाकं बदललीत. तरुण पोरं दक्षिणेकडच्या कोळशाच्या खाणींकडे निघालीत. संप नोव्हेंबर 1903 पर्यंत चालणार आहे, हे फक्त तुम्हाला माहीत आहे.

म्हाताऱ्याच्या खिडकीत पाटी आहे. शेजारच्या खिडकीत मागच्या आठवड्यापर्यंत होती, आता तिच्या जागी काचेवर चौकोनी स्वच्छ डाग आहे. मधली भिंत एकच. पावसाला सुरुवात होते. दोन्ही घरांवरून गेलेलं जांभळं छप्पर काळंभोर होतं आणि पाणी एकाच पन्हळीत उतरतं.