धुराडीं, काजळी आणि घरमालक

घर पाहावयास गेलेला मनुष्य भिंतींचा भक्कमपणा पाहतो, लांकडाला वाळवी लागली आहे कीं काय हें निरखतो. पण घरांतला धूर कोठून व कसा बाहेर पडतो, याची चौकशी तो क्वचितच करतो. महाराष्ट्रांतील जुन्या घरांत या चौकशीची फारशी गरजही नव्हती. चुलीचा धूर कौलांच्या फटींतून आपली वाट काढी आणि मागें राही तो आढ्याला चिकटलेला काळा थर. थंडीच्या इंग्लंडांत मात्र सुखवस्तु घरांतून खोलीखोलींत शेगडी आणि प्रत्येक शेगडीला भिंतींतून वर गेलेलें धुराडें, अशी रचना रूढ झाली. या धुराड्यांच्या निगेचा इतिहास म्हणजे ऊब कोणी घ्यावी आणि तिची किंमत कोणी द्यावी, या प्रश्नाचाच इतिहास होय.

लंडनांत सरपण महाग होत गेलें तसा दगडी कोळसा घरोघर आला. कोळशाची शेगडी नीट पेटावयास धुराड्याला चांगली ओढ असावी लागते. म्हणून नळ्या अरुंद झाल्या. 1666 च्या भीषण आगीनंतर शहर विटांनीं पुन्हां बांधलें गेलें, तेव्हां या अरुंद नळ्या भिंतींतून वळणें घेत वर जाऊं लागल्या. साधारण नळी 14 इंच लांब व 9 इंच रुंद असे. कांहीं तर अवघ्या 9 इंच चौरस असत. नळीला आंतून चुन्याचा गिलावा करीत, व त्या चुन्यांत गाईचें शेण कालवीत. शेणाचें सारवण हें केवळ आपल्याकडचेंच, असें समजणाऱ्यास याची मौज वाटेल!

पण गिलावा कितीही चांगला असला तरी तो अमर नव्हे. कोळशाच्या धुरांत गंधक असतो. त्याला ओल मिळाली कीं आम्ल तयार होतें व तें विटांच्या सांध्यांतला चुना खाऊं लागतें. काजळीचा थर सांचून पेटला, आणि सांध्यांना फटी पडलेल्या असल्या, तर आग तुळयांपर्यंत पोंचावयास वेळ लागत नाहीं. म्हणून धुराडें तपासणें, तें झाडणें आणि त्याचें गवंडीकाम दुरुस्त ठेवणें, हीं तीन कामें एकाच कर्तव्याचीं तीन अंगें आहेत. इंग्लंडांतील घरमालकांनीं यांतलें एकच काम ध्यानांत ठेवलें, आणि तेंही दुसऱ्याच्या मुलांकडून करून घेतलें.

अरुंद नळींत मोठा मनुष्य शिरत नाहीं. लहान मूल शिरतें. पांच-सहा वर्षांचीं गरिबांचीं व अनाथ मुलें या धंद्यांतल्या धन्यांच्या हवालीं केलीं जात. कोंपर व गुडघे भिंतींना टेकून तीं काळोखांत वर चढत. कातडी निबर व्हावी म्हणून कोंपरांना व गुडघ्यांना खाऱ्या पाण्यानें चोळून मुलांना विस्तवाजवळ उभें करीत. कोणी वळणांत अडके, कोणी कोसळलेल्या काजळींत गुदमरे. जीं वांचत त्यांतल्या कांहींना पुढें कर्करोग गांठी. पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्यानें 1775 सालीं या रोगाचा संबंध काजळीशीं जोडला. धंद्यामुळें होणाऱ्या कर्करोगाची ही पहिली प्रसिद्ध नोंद होय.

जोनास हॅनवे या परोपकारी व्यापाऱ्यानें या मुलांची कैफियत वर्षानुवर्षें मांडली. त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनीं, 1788 सालीं, पहिला कायदा झाला: आठ वर्षांखालील मूल ठेवूं नये, एका धन्यापाशीं सहांहून अधिक शिकाऊ मुलें असूं नयेत. धन्यांनीं परवाना घ्यावा हें कलम मात्र लॉर्डांच्या सभेनें गाळलें. दांत काढलेला हा कायदा कोणालाच चावला नाहीं.

दुसरा उपाय नव्हता असें म्हणावें, तर एडिंबरोंत छपरावरून दोरीला गोळा व ब्रश बांधून धुराडीं साफ केलीं जात. लंडनांत जॉर्ज स्मार्ट यानें पोकळ कांठ्यांत दोरी ओंवून टोकाला ब्रश असलेलें यंत्र एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींच सिद्ध केलें, आणि 1828 सालीं जोसेफ ग्लास यानें तें सुधारलें. अडचण होती ती तीव्र वांकणांची. तेथें भिंत फोडून लहानसें दार बसविलें कीं ब्रश फिरे. पण त्यासाठीं गवंडी बोलवावा लागे, पैसा खर्चावा लागे, सजविलेली भिंत उकरावी लागे. यंत्रानें दिवाणखान्यांत धूळ उडते, ही तक्रार तर होतीच. 1819 सालीं मुलांना चढविणें बंद करण्याचें विधेयक लॉर्डांच्या सभेनें पुन्हां फेटाळलें. ज्यांच्या वाड्यांत सर्वांत वांकडीं धुराडीं, त्यांच्याच हातीं निकाल होता!

पुढें 1834 व 1840 चे कायदे आले. दुसऱ्यानें 21 वर्षांखालील कोणालाही धुराड्यांत चढविण्यास मनाई केली, आणि नव्या बांधकामांत तीव्र वांकणापाशीं साफसफाईचें दार असावें असें ठरविलें. परंतु खटला भरावयाचा कोणी? चार्ल्स किंग्स्लेच्या ‘वॉटर बेबीज’ या 1863 सालच्या कथेनें लोकांचीं मनें द्रवलीं, 1864 सालीं आणखी एक कायदा झाला. तरीही मुलें चढतच राहिलीं.

फेब्रुवारी 1875 मध्यें केंब्रिजजवळील फुलबर्न येथें जॉर्ज ब्रूस्टर हा अकरा वर्षांचा मुलगा वेड्यांच्या इस्पितळाच्या धुराड्यांत अडकला. भिंत फोडून त्याला बाहेर काढलें, पण तो वांचला नाहीं. जी भिंत धुराड्याच्या सोयीसाठीं फोडणें लोकांना महाग वाटे, ती अशी अखेरीस मुलाच्या देहासाठीं फोडावी लागली. धन्याला सहा महिन्यांची सक्तमजुरी झाली. लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनीं त्याच वर्षीं नवा कायदा मंजूर करून घेतला: धुराडीं साफ करणाऱ्या प्रत्येकानें दरवर्षीं पोलिसांचा परवाना घ्यावा, आणि जुने कायदे पाळले जातात कीं नाहीं हें पोलिसांनीं पाहावें. 1788 सालीं गाळलेलें कलम सत्त्याऐंशीं वर्षांनीं परत आलें, आणि मुलें धुराड्यांतून खालीं उतरलीं.

ब्रशाची युक्ति कायद्याच्या पुष्कळ आधींच हाताशीं होती. उणीव होती ती घराच्या दुरुस्तीचा खर्च स्वतः सोसण्याच्या वृत्तीची. आज धुराड्यांत मूल नव्हे, तर दोरीच्या टोकाचा लहानसा कॅमेरा चढतो व कोणता सांधा पोकळ झाला तें दाखवितो. वर्षांतून एकदां तरी झाडणी करावी असें जाणते सांगतात. साधनें बदललीं, प्रश्न तोच आहे. गवंड्याला वेळेवर दिलेले चार पैसे वांचविले, तर त्यांची भरपाई कोणीतरी करतोच. आणि तो बहुधा घराचा मालक नसतो.