आपल्या जिल्ह्यातली दुसरी मायबोली

घरी आपण ‘काहून’ म्हणायचो, वर्गात ‘का’ लिहायचो. वऱ्हाडीपासून पुस्तकी मराठीपर्यंत आपल्याला एकच पायरी होती. आपल्याच अमरावती जिल्ह्यात, धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू पोराला मात्र अख्खा जिना चढावा लागतो. कोरकू ही मराठीची बोली नाही. ती मुंडा कुळातली, संथालीची बहीण. ‘कोरकू’ म्हणजे माणसं. पाण्याला ते ‘डा’ म्हणतात. पहिलीच्या पुस्तकातलं ‘पाणी’ त्या पोराला परकंच.

१९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ कलम आलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असं ते सांगतं. १ मे १९६२ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या. आपल्या जिल्हा परिषदेने उर्दू शाळा चालवल्या, म्हणजे दुसऱ्या भाषेची शाळा तिला नवी नाही. बालभारती उर्दू, कन्नड, सिंधीतही पुस्तकं काढते. त्या माध्यमांत कोरकू नाही. २०११च्या जनगणनेत देशात सव्वासात लाखांहून अधिक कोरकू भाषक होते. ओडिशाने मात्र २००७च्या सुमारास दहा आदिवासी भाषांतून पहिलीचे वर्ग सुरू केले. त्यांत संथालीही होती.

कोरकू देवनागरीत लिहिता येते. त्यामुळे कॉम्प्युटरला नवा फॉन्ट, नवा कीबोर्ड काहीच लागत नाही, हे माझ्या कामामुळे मी खात्रीने सांगते. लागतात ती ही भाषा जाणणारी माणसं. मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी जे मेळघाटात मास्तर आहेत, त्यांनी गावातल्या आज्यांना विचारून पहिलीच्या पुस्तकातले शब्द कोरकूत लिहून आणावेत. टाइप करून, मांडून, छापून द्यायचं काम माझं.